छबूबाईचा इंग्रजी पिक्चर

लग्न होऊन मी पुणतांब्याला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला एक पिक्चर सांगितला. गच्चीवर आम्ही दोघी कुरडया घालत होतो. सोऱ्या फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "तू पानीतोड बघितलाय का गं?"

मी नगरमध्ये वाढलेली. सिनेमे भरपूर पाहिलेले. पण या नावाचा काही ऐकला नव्हता.

"कुणाचा आहे?" मी विचारलं.

"इंग्रजी हाय."

मला हसू आलं. माझ्या सासूबाई, साळूबाई, कशीबशी सही करतात. त्यांनी इंग्रजी पिक्चर पाहिला असेल हे मला खरं वाटेना. त्या मात्र हसल्या नाहीत. हाताला लागलेला चीक फडक्याला पुसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

एक राणी होती. नवरा लढाईत गेलेला. तिच्या गावाला मोठा कोट आणि गावातून वाहणारी नदी. दूरच्या बादशहाला ते गाव पाहिजे होतं. त्यानं एक टकल्या सरदार पाठवला. सरदारानं महिनोन्‌महिने वेढा दिला, पण कोट काही पडेना. मग त्यानं हजारो माणसं कामाला लावली आणि वरच्या अंगाला नदीच वळवली. गावाचं पाणी तोडलं. विहिरी आटल्या, जनावरं मेली, लेकरं वाळूत तोंड खुपसायला लागली, तरी राणी वाकली नाही. शेवटाला वरच्या डोंगरातल्या धनगरांना हे सोसवेना. त्यांनी सरदाराचा बांध फोडला. नदी अशी काही परत आली, की टकल्या त्याच्या तंबूसकट वाहून गेला.

शेवट सांगताना सासूबाईंनी सोऱ्या बाजूला ठेवला. ताटातल्या कुरडया तशाच राहिल्या.

"कुठे पाहिलात तुम्ही?"

"तंबूत. छबूनी दाखवला."

दाखवला, असं त्या म्हणाल्या. सांगितला, असं नाही. या दोन शब्दांतला फरक मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला.

छबूबाई म्हणजे आमच्याच गल्लीतल्या. मी त्यांना छबूमावशी म्हणते. उंच, काटक, दातांनी अजून पेरू फोडणाऱ्या. त्यांचे यजमान बन्सी हे टूरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते. तंबूचा मालक राहाता गावचा. तो तिकिटांच्या हिशेबापुरता येऊन जायचा. बाकी मशीन, जनरेटर, तंबू उभा करणं, उतरवणं, सगळं बन्सीकाकांच्या अंगावर. लग्न झाल्यावर छबूमावशी माहेराहून थेट तंबूतच नांदायला आल्या. पडद्यामागे चूल, पुढे पडदा. बायकांच्या बाजूची तिकिटं त्या फाडायच्या. तंबूत मधोमध कनात असायची, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका.

त्या पिक्चरची गोष्ट मी मावशींच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. बन्सीकाका होते तेव्हा तेही मध्येमध्ये दुरुस्ती करायचे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे, भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूरला जनावरांचा बाजार भरणार होता आणि तिथे तंबू लावायचा होता. ठरलेला मराठी पिक्चर ऐनवेळी मिळाला नाही. नगरच्या एजंटानं त्याच्या जागी एक जुना इंग्रजी ऐतिहासिक पिक्चर गळ्यात मारला. पेट्यांवर नाव इंग्रजीत. बन्सीकाकांना ते वाचता आलं नाही, मावशींना तर नाहीच.

"पोस्टर न्हवतं, काय न्हवतं," मावशी सांगतात. "एजंट म्हनला, घोडे हायेत, लढाया हायेत, लोकं बघतील."

अकोल्याच्या पुढे रस्ता चढाला लागतो. एका वळणावर ट्रक कलला आणि एक पेटी दोर तुटून खाली ओढ्यात गेली. बन्सीकाका चिखलातून उतरून ती घेऊन आले. आतलं रीळ पाण्यानं भिजून चिकटून बसलं होतं. पेटीवरच्या आकड्यावरून ते शेवटचं रीळ आहे हे त्यांना तिथेच कळलं. त्यांनी पेटीला झाकण लावलं आणि कुणाला काही बोलले नाहीत. माघारी फिरायला वेळ नव्हता. राजूरला लोक वाट बघत होते.

खेळाला दूरदूरच्या वाड्यांवरून माणसं आली होती. भात निघून गेलेला, हात मोकळे. दिवेलागणीला तंबू भरला. पिक्चर सुरू झाला आणि पडद्यावरचा पहिला माणूस इंग्रजीत बोलायला लागला.

थोडा वेळ लोकांनी ऐकून घेतलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, पैसे परत द्या. ढेकळं पडद्याकडे यायला लागली.

इकडे बायकांच्या बाजूला मावशी दारातच बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं त्यांना ढोसलं. "तू तंबूवाली ना? काय बोलतोय त्यो?"

मावशींनी तो पिक्चर कधी पाहिला नव्हता. त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होता. पण तंबूवाली म्हटल्यावर ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ती रानी हाय. तिचा नवरा गेलाय. आन् ह्यो टकल्या तिला म्हनतोय, गाव आमच्या हवाली कर."

"आन् ती काय म्हनती?"

"बघा की तिच्याकडं. न्हाई म्हनती."

आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. त्यांच्या मागच्याही आल्या. मावशींना आवाज वाढवावा लागला. बायकांच्या बाजूला गप्प झालं आणि ते गप्प झालेलं बाप्यांना ऐकू गेलं. कनातीला लागून बसलेल्यांनी कान लावले. मग कनातच वाकायला लागली.

मी एकदा त्यांना विचारलं, "मावशी, इंग्रजी कळत नव्हतं, मग तुम्ही सांगत कशा होतात?"

त्या म्हणाल्या, "मानूस काय बोलतो ते न्हाई कळलं तरी कशापायी बोलतो ते कळतं. माझी चुलती बारा महिने रागात असायची. तिच्याकडं बघून बघून शिकले."

तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढवेपर्यंत लोक विड्या ओढायचे. तसे दिवे लागले तेव्हा बन्सीकाका माईक आणि वायर घेऊन बायकांच्या बाजूला आले. हा माईक एरवी गावात भोंग्यावर पिक्चर पुकारायला वापरायचे.

"तूच बोल ह्याच्यावर," ते म्हणाले.

"मी? लोकं काय म्हनतील?"

"लोकं आत्ता माझ्या नावानं बोंबलत्यात. तुला काय म्हनायचं ते म्हनू दे."

त्या काळी बाईनं माईकवर बोलायचं म्हणजे तमाशातली असं लोक समजायचे. मावशींनी पदर डोक्यावर ओढला, तोंड पडद्याकडे आणि पाठ लोकांकडे केली आणि माईक धरला. पहिली दोन वाक्यं पुटपुटण्यातच गेली. मग पडद्यावर नदी वळवायचं काम दिसलं. हजारो माणसं टोपल्यांनी माती वाहत होती, बायकासुद्धा. तंबूतल्या निम्म्या लोकांनी नुकतीच दुष्काळी कामावर अशीच माती वाहिली होती. मावशींनीही वाहिली होती.

त्या म्हणाल्या, "बघा, पोटासाठी मानूस दुसऱ्याचं पानी तोडायला बी टोपली उचलतो."

मावशी सांगतात, त्या वाक्यानंतर त्यांना भीती म्हणून वाटली नाही.

शेवटून दुसरं रीळ चढवायच्या वेळी बन्सीकाका पुन्हा आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "शेवटचं रीळ न्हाई. भिजलंय."

मावशींनी माईक पदराखाली झाकला.

"काय करू? सांगून टाकू का लोकांला?"

"आता सांगून काय हुतंय?" मावशी म्हणाल्या. "रीळ संपलं की दिवे लावू नका. मशीनचा उजेड तसाच पडद्यावर ठेवा."

ते रीळ चालू होतं तोवर त्या तोंडानं पडद्यावरचं सांगत होत्या आणि मनात पुढचं शोधत होत्या. रीळ संपलं तेव्हा राणी वेशीच्या आत उभी होती. बाहेर टकल्या सरदाराची फौज, आत तहानलेलं गाव. तिनं वेशीच्या अडसराकडे बघितलं आणि चित्र तुटलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड.

कुणी उठलं नाही. मावशीही थांबल्या. अंधारातून त्याच म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मंग पानी आलं का न्हाई?"

"मला तिला न्हाई म्हनवंना," मावशी म्हणतात. "लई लांबून चालत आल्ती ती."

त्यांनी पाणी आणलं. कोऱ्या पडद्याकडे बघत त्यांनी वरच्या डोंगरातली माणसं उभी केली, त्यांच्या हातात पहारी दिल्या, बांध फोडला आणि नदी वेशीतून आत घेतली. बन्सीकाका सांगायचे की त्यांनी स्वतः मशीनपाशी उभं राहून, पडद्यावर काहीएक नाही हे ठाऊक असून, पाण्याचा लोंढा पाहिला. लोक उठले तेव्हा काही बायका डोळे पुसत होत्या. पैसे कुणी परत मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली.

तो पिक्चर मग त्यांनी दोन-तीन हंगाम फिरवला. संगमनेर, कोपरगाव, आमचं पुणतांबं, पार तिकडे शेवगाव-पाथर्डीपर्यंत. इंग्रजी नाव कुणाला घेता येत नव्हतं. पूर्वेकडच्या गावांत लोकांनी त्याला पानीतोड म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. ऊसतोडीला जाणारी माणसं ती गोष्ट बरोबर घेऊन गेली, त्यांच्या पाचटाच्या खोपटांतून, कोपीकोपींतून सांगितली. माझ्या माहितीतले आमच्या गावचे जुने पैलवान बजरंगभाऊ शपथेवर सांगायचे की टकल्या सरदार वाहून जाताना त्याचा हात पाण्याबाहेर कसा हलत होता ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठच्या माणसाला पूर माहीत असतो, त्यामुळे तो हात त्यांना दिसला असेलही.

पुढे व्हिडिओ आला, घरोघरी टीव्ही आले. मालकानं तंबू मोडला. बन्सीकाका पुणतांब्यात लाईट फिटिंगची कामं करू लागले आणि मावशी पेरूच्या बागांत तोडणीला जाऊ लागल्या. बागेत बायका म्हणायच्या, छबू, पानीतोड लाव. मावशी झाडावरून पेरू काढता काढता लावायच्या. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. क्रेट भरत होते, कात्र्या चालू होत्या आणि या सगळ्यावरून त्यांचा आवाज चालला होता, ठाम, जराही नाटकी न होता. राणीच्या तोंडचं बोलताना त्या आवाज बदलत नसत. नुसत्या मान वर करत.

बन्सीकाका पाच-सहा वर्षांपूर्वी गेले. मावशींचा मुलगा सुनील टेम्पो चालवतो. त्याची मुलगी धनश्री पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. हिनंच पुढचं सगळं घडवून आणलं.

दिवाळीच्या सुट्टीत आजी-नात बोलत बसल्या होत्या, मीही होते. धनश्रीनं सहज विचारलं, "आजी, खऱ्या पिक्चरचा शेवट काय होता गं?"

मावशी म्हणाल्या, "मला काय ठाऊक? पन्नास वर्षं मी लोकांला शेवट सांगितला. मला कुनी सांगितला न्हाई." आणि थोड्या वेळानं, "अडसराकडं बघितलं तिनं. तिथून पुढं काय केलं असंल, ते कदी कदी मनात येतं."

त्या जे बोलल्या ते धनश्रीच्या डोक्यात राहिलं. राणी, वळवलेली नदी, टक्कल असलेला सरदार, एवढंच लिहून ती इंटरनेटवर शोधत बसायची. कितीतरी चुकीचे पिक्चर बघितले म्हणाली. शेवटी सापडला. परदेशात कुणीतरी तो जुना पिक्चर धुऊनपुसून नवा केला होता. संक्रांतीला ती घरी आली ती तडक माझ्याकडे.

"काकू, मी शेवट पाहिला. आजीला दाखवू का नको?"

"का? वाईट आहे?"

"आजीसारखा नाही."

मी म्हटलं, "ज्या बाईनं इतकी वर्षं थांबून विचारलं, तिच्यापासून लपवणारे आपण कोण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी टीव्हीला जोडून पिक्चर लावला. मावशी पाटावर बसल्या, पाठ ताठ. मी आणि सासूबाईही होतो, पण सासूबाई अर्ध्यात घरी गेल्या, दळण न्यायचं होतं. पडद्यावर राणी आली तेव्हा मावशी एकदम म्हणाल्या, "लुगडं लाल हुतं व्हय तिचं." तंबूतल्या झिजलेल्या प्रिंटमध्ये ते विटकरी दिसायचं. धनश्री खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायला लागली.

"तू बोलू नको," मावशी म्हणाल्या. "मला बघू दे."

राणी वेशीपाशी आली. अडसराकडे बघितलं. इथपर्यंतचं मावशींच्या ओळखीचं. धनश्रीनं माझा हात धरला.

राणीनं स्वतःच्या हातांनी अडसर काढला. वेस उघडली. मुकुट उतरवून जमिनीवर ठेवला आणि एकटी बाहेर गेली. सरदारानं तिच्या हातांत साखळ्या घातल्या. तिच्या मागून गावातली लेकरं पळत निघाली, फौजेच्या मधून, नदी वळवून काढलेल्या नव्या पाटाकडे, आणि पालथी पडून पाणी प्यायला लागली. शिपाई बघत राहिले. कुणी त्यांना अडवलं नाही. नदी परत आली नाही. राणीला घेऊन फौज निघाली. पाटाजवळून जाताना तिनं पहारेकऱ्याला काहीतरी विचारलं, वाकून ओंजळभर पाणी प्याली आणि चालू लागली. माळावरून जाणारी ती रांग लहान लहान होत गेली आणि पिक्चर संपला.

धनश्री घाबरून म्हणाली, "आजी, तुझाच शेवट छान आहे."

"गप," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिनं लेकरांसाठी वेस उघडली. मी तिला पन्नास वर्षं लढायला लावली गं. हे मला सुचलं न्हाई."

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ज्यानं बनवला त्यो मोठा मानूस. मला त्या दिवशी लोकांला खुशीत घरी पाठवायचं हुतं. त्याला खरं सांगायचं हुतं."

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती की खरा पानीतोड सापडला. महाशिवरात्रीच्या यात्रेत तो दाखवायचा असं तरुण पोरांनी ठरवलं. शाळेच्या मैदानावर पडदा बांधला, प्रोजेक्टर भाड्यानं आणला. जुनी माणसं येणार, त्यांना खालची इंग्रजी अक्षरं वाचता येणार नाहीत, म्हणून मावशींनीच माईकवर सांगावं असं ठरलं. मावशी हो म्हणाल्या.

मला मात्र काळजी लागली. मी त्यांना आदल्या दिवशी गाठलं. "मावशी, शेवट कोणता सांगणार? पडद्यावर वेगळाच दिसेल."

"जे दिसंल ते सांगनार," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय येतंय?"

संध्याकाळी मैदान भरलं. खुर्च्या कमी पडल्या, लोक सतरंज्यांवर बसले. मावशींनी या वेळीही लोकांकडे पाठ केली आणि पडद्याकडे तोंड. बजरंगभाऊ पहिल्या रांगेत, दोन्ही हात काठीवर. माझ्या सासूबाई त्यांच्या मागे.

ज्यांनी मावशींना तंबूत ऐकलं होतं ते सांगतात की आवाज तोच होता. मी तेव्हा नव्हते. पण त्या संध्याकाळी मी जे ऐकलं, त्याला तोड नाही. वयानं आवाज जरा खरखरीत झालेला, वाक्यं आधीपेक्षा कमी. पडद्यावर मोठी लढाई चालू असताना त्या गप्प बसल्या आणि एक म्हातारा घोडेवाला आपल्या मेलेल्या घोड्याचा लगाम सोडवत होता, तिथे मात्र बोलल्या. "लगाम काढतोय. मोकळा करून पाठवतोय त्याला." फोनमध्ये डोकं घातलेल्या पोरांनीही माना वर केल्या. माती वाहणारी माणसं दिसली तेव्हा त्यांनी ते जुनं वाक्य म्हटलं आणि मैदानातून कितीतरी म्हाताऱ्या आवाजांनी ते त्यांच्या बरोबरीनं म्हटलं. पोरं चकित होऊन मागे वळून बघायला लागली.

मग वेस आली. राणी अडसराकडे बघायला लागली. जुनी माणसं सावरून बसली. त्यांना पुढचं तोंडपाठ होतं.

राणीनं अडसर काढला.

बजरंगभाऊ उभे राहिले. "छबूवहिनी," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पानी कुठंय? आता पानी यायचं हुतं."

मावशींनी पहिल्यांदाच मागे वळून लोकांकडे बघितलं. माईक तोंडाशी होता.

"भावजी, पानी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "शेवटचं रीळ भिजलं हुतं. पानी मी आनलं हुतं, माझ्या मनानं. आता बसा आन् बघा, रानी काय करती."

बजरंगभाऊ हळूहळू खाली बसले. मावशी पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी तो शेवट सांगितला. सगळी मिळून सात-आठ वाक्यं असतील. मुकुट ठेवला. एकटी चालली. लेकरं निघाली. शिपाई अडवत न्हाईत, त्यांला बी लेकरं हायेत. राणी पाणी मागते तिथे त्या म्हणाल्या, "ज्यानी पानी तोडलं त्याच्याकडंच मागती. लाजत न्हाई. आता तिला कशाची लाज?" आणि रांग लहान होत गेली तेव्हा त्या माईक मांडीवर ठेवून बघत राहिल्या.

लोक जागचे उठेनात. बजरंगभाऊ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते, पडदा विझला तरी. मग ते उठून मावशींपाशी गेले, हात जोडले आणि घरी गेले.

सासूबाई मात्र रागावल्या होत्या. घरी जाताना वाटेतच त्यांनी मावशींना गाठलं. "छबू, मला तुझंच पानी बरं हुतं. हे दाखवायचं काय नडलं हुतं?"

"तुझ्यासाठी ते हाय की अजून," मावशी म्हणाल्या. "मी काय त्येला पुसून टाकलं? ते माझं हुतं, हे तिचं हाय. तिचं बी सांगाया नको का कुनीतरी?"

सासूबाईंनी तरी हात धरून त्यांना घरापर्यंत सोडलं. मावशींना अंधारात नीट दिसत नाही.

त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग पोरांनी मोबाईलवर केलं होतं. ते गावोगाव फिरलं. शेवगावकडून, पाथर्डीकडून फोन आले. एका बाईनं तर फोनवर मावशींशी भांडण काढलं, म्हणाली, माझ्या आईनं मरेपर्यंत नदी आली म्हणून सांगितलं, आता आम्ही काय सांगायचं? मावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनी खोटं न्हाई सांगितलं. तिला तसंच दाखवलं हुतं." धनश्रीनं त्यांचा संपूर्ण आवाज नीट रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं आहे, दोन्ही शेवटांसकट. मावशींनी अट घातली आहे की पिक्चर बघतानाच बोलणार, नुसतं मशीनपुढे बसून नाही.

आमच्या गल्लीत मात्र तो पिक्चर अजून संपलेला नाही. दुपारी बायका ओट्यावर जमल्या की विषय निघतोच. कुणी म्हणतं, राणीनं वेस उघडायलाच नको होती, गाव गेलं ना हातचं. कुणी म्हणतं, लेकरं मेल्यावर कोट काय चाटायचा होता? सुनीलची बायको म्हणते, उघडायची होती तर आधीच उघडायची, एवढे हाल कशाला? मावशी मधोमध बसून शेंगा सोलतात आणि कुणाचीही बाजू घेत नाहीत. फारच गलका झाला तर एवढंच विचारतात, "तू काय केलं असतं?"

परवा त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई अजून पुरत्या निवळलेल्या नव्हत्या. त्यांनी सुपातल्या ज्वारीतले खडे वेचता वेचता मान वर केली.

"मी बी उघडली असती," त्या म्हणाल्या. "पन त्या टकल्याला आधी बाहीर चार दिवस उन्हात बसवला असता."

मावशी इतक्या हसल्या, की सगळ्या शेंगा मांडीवरून खाली सांडल्या.